दुसरा खंड ग्वाल्हेरला

चारुलता उमरीकरला शरच्चंद्र लघाटे आधी ऐकू आला आणि मग दिसला. त्रेपन्न सालच्या श्रावणातली दुपार होती. बाहेर कंटाळलेला पाऊस, आत ओल आलेली पुस्तकं. आणि कपाटांच्या मागून कुणीतरी एकामागून एक सात शिंका दिल्या. आठवीची वाट पाहत ती थांबली. आठवी आली नाही. तिच्याऐवजी हातात फडकं घेतलेला, नाक लाल झालेला, उंच आणि उंचीबद्दल माफी मागितल्यासारखा वाकलेला एक तरुण बाहेर आला.

"माफ करा हं. सोळाव्या शतकाची धूळ आहे ही. अठराव्याची इतकी बाधत नाही."

"मला ट्रिएस्टच्या इतिहासाचा दुसरा खंड हवाय," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. पाच वर्षांत त्या ग्रंथालयात लोक पंचांग मागायला आले होते, वर्तमानपत्राची रद्दी मागायला आले होते, एकजण छत्री शोधत आला होता. ट्रिएस्ट कुणी मागितलं नव्हतं.

"पहिला वाचलात?"

"वाचून दाखवला, वडिलांना. नेपोलियन तिसऱ्यांदा शहरात शिरतो आणि खंड संपतो. तेव्हापासून ते जेवणावर चिडतात."

"नेपोलियनमुळे?"

"जेवण मी करते. नेपोलियन सापडत नाही."

लघाटे हसला आणि पाठोपाठ ती आठवी शिंक आली.

हे ग्रंथालय ज्या खात्याचं होतं त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते खातं आता नाही. मध्यभारत राज्य झालं तेव्हा ग्वाल्हेर म्हणालं, राजधानी मी. इंदूर म्हणालं, मी. भांडण विकोपाला जाऊ नये म्हणून ते कायमचं करून टाकण्यात आलं : उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. वैशाखात सरकार पेट्या बांधून इंदूरला यायचं आणि दसरा झाला की पेट्या बांधून ग्वाल्हेरला जायचं. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. कुणावर अन्याय नको म्हणून एका समितीनं ठराव केला की पहिला, तिसरा, पाचवा असे विषम खंड इंदूरला राहतील आणि दुसरा, चौथा, सहावा असे सम खंड ग्वाल्हेरला. त्या दिवसापासून मध्यभारतात कुणीही कुठलंच मोठं पुस्तक शेवटपर्यंत वाचू शकलं नाही. पण अन्याय मात्र कुणावर झाला नाही.

सम खंडांपैकी चौदा पेट्या सरकारबरोबर प्रवास करत. त्या पेट्यांबरोबर लघाटे प्रवास करी.

"म्हणजे खंड आहे?" चारुलतानं विचारलं.

"आहे. पण देता येत नाही. ग्वाल्हेरच्या वाट्याचं पुस्तक इंदूरच्या रहिवाशाला घरी नेता येत नाही. नियम चौथा."

"आणि ग्वाल्हेरच्या रहिवाशानं ते इंदुरात कुणाच्या घरी नेलं तर?"

लघाटेनं नियमांचा कागद काढला. पुढून वाचला, मागून वाचला, उजेडाकडे धरला.

"याबद्दल नियम गप्प आहेत," तो म्हणाला. मग जरा थांबून — "रविवारी संध्याकाळी मला काही काम नसतं. तसं इतर दिवशीही नसतं… पण रविवारी ते अधिकृत असतं."

तिचे वडील दत्तोपंत उमरीकर हे होळकर सरकारच्या हुजूर कचेरीतले हेडक्लार्क. सरकार गेलं, कचेरी गेली, पाठोपाठ डोळे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही. हे दत्तोपंतांना डोळ्यांच्या बाबतीत पटलं, राज्याच्या बाबतीत पटलं नाही. आणि नेमकं तेव्हाच पेपरात ट्रिएस्ट आलं. दूर युरोपात समुद्रकाठी एक शहर. लढाईनंतर कुणाचं ते ठरेना म्हणून कुणाचंच न ठेवलेलं. त्याला गव्हर्नर नेमायचा होता, पण सहा वर्षांत नावावर एकमत झालं नव्हतं. आता म्हणे ते शहर जुन्या मालकाला परत करण्याचं घाटत होतं.

"परत!" दत्तोपंत ओट्यावर उठून उभे राहिले होते. "ऐकलंस चारू? परत देतायत. एकदा रिवाज पडला की पडला. दिल्लीला मग काय तोंड राहील?"

स्नेहलतागंजातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात त्या दिवसापासून ट्रिएस्ट राहायला आलं.

अडचण एकच होती. अठराशे एक साली शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं होतं आणि दत्तोपंत त्याबद्दल गेल्या गुरुवारी घडल्यासारखं बोलत. चारुलताला ग्वाल्हेरचं एक स्थळ आलं होतं, तेव्हा मध्यस्थाला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं होतं : "शिंदेशाहीत मुलगी द्यायची नाही. आधी लुटलेलं परत करा." त्यामुळे पहिल्या रविवारी, छत्रीखाली खंड आणि खंडावर छत्री अशा अवस्थेत लघाटे आला, तेव्हा चारुलता दारातच पुटपुटली, "तुम्ही देवासचे."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"हरकत नाही," तो म्हणाला, "सरकारी माणसाला बदलीची सवय असते."

वाचन सुरू झालं. पुस्तक इंग्रजीत, लघाटे तोंडानं मराठी करत जाई. आत्या, म्हणजे दत्तोपंतांच्या बहीण द्वारकाबाई, भुट्ट्याचा कीस आणून ठेवत आणि समोर बसून झोपत. सुरुवातीला पहिल्या खंडाचीच उजळणी होती. ट्रिएस्टचं नशीब मोठं वाईट होतं. शेजारच्या व्हेनिसच्या भीतीनं त्या गावानं सहाशे वर्षांपूर्वी स्वतःहून जाऊन ऑस्ट्रियाच्या राजाचे पाय धरले. पुढे बंदर खुलं झालं, जहाजं आली, भरभराट झाली. ती बघून नेपोलियनची फौज आली. गेली. परत आली. गेली. तिसऱ्यांदा आली. दर खेपेला कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत, आणि जुन्या पाट्या लोक टाकून देत नसत, माळ्यावर ठेवत.

"शहाणे लोक," दत्तोपंत म्हणत. त्यांच्याही माळ्यावर एक होती.

तिसऱ्या रविवारी जकात नाक्यावरचा कारकून आला.

चारुलता पायरीशी बसून तांदूळ निवडत होती. लघाटे वाचता वाचता अडखळला, पान उलटलं, आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "या धामधुमीत… बंदराच्या जकात नाक्यावर एक कारकून होता. राज्य बदललं की नाक्याची दप्तरं जहाजानं दुसऱ्या गावी जात. दप्तरांबरोबर त्यालाही जावं लागे. सहा महिने इथे, सहा महिने तिथे."

"अरे!" दत्तोपंत सरसावले. "नाव काय त्याचं?"

"नाव दिलेलं नाही."

"देत नाहीतच. पुढे?"

"वरच्या आळीत एक मास्तरीण राहायची. तिला हा रोज… म्हणजे आठवड्यातून एकदा बघायचा. ती फार बोलत नसे. पण चिडली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची."

"ट्रिएस्टात पदर?"

"शाल. शाल म्हणायचं होतं."

चारुलतानं बोटाला गुंडाळलेला पदर हळूच सोडवला. मुलींच्या शाळेत ती चौथीला शिकवत होती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि तांदळातले खडे दिसेनासे झाले.

परत जाताना ती त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. म्हणजे हातात कंदील घेऊन तीन घरं.

"त्या पानावर तो कारकून नव्हता," ती म्हणाली.

"तुम्ही इंग्रजी वाचता?"

"बी.ए. झालेय मी, लघाटे."

"मतलब… मला वाटलं —"

"त्या पानावर गोदामांची लांबी-रुंदी होती."

तो गप्प झाला. वरून पन्हाळीचं पाणी नेमकं त्याच्या खांद्यावर पडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

"मग पुढच्या रविवारी गोदामंच वाचू का?" त्यानं विचारलं. "लांबी आहे, रुंदी आहे, पुढे उंचीही येते."

चारुलतानं कंदिलाची वात विनाकारण कमी केली.

"बाबांना कारकून आवडलाय," ती म्हणाली. "राहू दे त्याला."

राहिला. त्यानंतरच्या रविवारी सरकारं येत आणि जात, तोफा उडत, पण मधूनच नाक्यावरचा तो बिननावाचा माणूस खिडकीशी येऊन उभा राही. एकदा त्यानं मास्तरणीसाठी जहाजावरून संत्री आणली आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवून पळाला. त्या आठवड्यात सोमवारी चारुलताला शाळेच्या टेबलावर संत्री सापडली. एकदा तो मास्तरणीला विचारणार होता, पण घसा बसला. चारुलता त्या दिवशी आलं घालून काढा घेऊन बाहेर आली.

"हा कुणासाठी?" आत्यांनी एक डोळा उघडून विचारलं.

"ट्रिएस्टसाठी," ती म्हणाली. आत्यांनी डोळा मिटला.

दसरा झाला. पेट्या निघाल्या. ग्वाल्हेरचा शिक्का असलेलं पत्र त्या घरात येऊ शकत नव्हतं, म्हणून आलं नाही. तो हिवाळा चारुलतानं वडिलांना पेपर वाचून दाखवण्यात काढला. ट्रिएस्टमध्ये दंगल झाली, माणसं मेली, शहर कुणालाच मिळालं नाही. दत्तोपंतांना आता पेपराचे मथळेही दिसत नव्हते. ते कागदावर हात फिरवून बघत, जसं ताप आहे का ते बघावं.

चोपन्नच्या वैशाखात पेट्या परत आल्या. लघाटे आला, तोच खंड, तीच शिंक. "कुठे होतं वाचन?" त्यानं विचारलं, आणि दत्तोपंत म्हणाले, "कारकून जहाजावर चढत होता. उतरव त्याला."

असा तो दुसरा उन्हाळा आणि दुसरा पावसाळा. आठवड्याला दोन पानं या वेगानं लघाटेनं एक शतक पाच महिने पुरवलं. पण नवरात्रात, एका सोमवारी, चारुलता शाळेतून ग्रंथालयात गेली तेव्हा तो पेट्यांना दोर बांधत होता आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.

"पुढच्या वर्षी पुस्तकं यायची नाहीत," तो म्हणाला. "ओल लागते म्हणे. ऑर्डर आलीय. सम खंड आता कायम ग्वाल्हेरला."

"आणि तुम्ही?"

"मी पेट्यांबरोबर. यादीत पंधरावा नंबर आहे माझा."

तिनं दोराचं एक टोक धरलं. गाठ बसली.

"बुधवारी बाबांना विचारतो," तो खाली बघत म्हणाला. "ग्वाल्हेर सांगून विचारतो. मग हाकलू देत. इतके दिवस देवासचा राहून कंटाळा आला मला… चारुलताजी, विचारू ना?"

"मला काय विचारता," ती म्हणाली. आणि दारापर्यंत जाऊन, पाठमोरीच — "विचारा."

बुधवारी खंडेनवमी होती. दत्तोपंतांकडे शस्त्रं नव्हती. पाटावर दौत, टाक, पट्टी आणि हुजूर कचेरीचा झिजलेला शिक्का मांडून त्यांनी चाचपडत झेंडूची फुलं वाहिली. दोन पाटाबाहेर पडली. ती चारुलतानं गुपचूप उचलून आत ठेवली. लघाटे नवी टोपी घालून आला होता आणि पाहुण्यासारखा कडेला बसला होता.

"पेपर," दत्तोपंत म्हणाले.

तिनं उघडला, आणि पहिल्याच पानावर ते होतं. ट्रिएस्टचा निकाल लागला होता. लंडनमध्ये सह्या झाल्या. शहर इटलीला, आसपासचा मुलूख युगोस्लाव्हियाला.

"परत दिलं!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणत नव्हतो मी? परत…" आणि हात तसाच मांडीवर राहिला. "थांब. इटलीला?"

"हो, बाबा."

"इटलीकडे ते होतं किती दिवस? लघाटे, तू वाचलंस ना. एकोणीसशे अठरा साली आले. मग जर्मन, मग चाळीस दिवस ते युगोस्लाव्हियावाले. इटली म्हणजे पंचवीस वर्षांची. जुना मालक ऑस्ट्रिया. पाचशे वर्षं! ऑस्ट्रियाचं काय म्हणणं पडलं?"

लघाटेनं वाकून पेपरातली बातमी शेवटपर्यंत पाहिली.

"ऑस्ट्रियाला विचारलेलं दिसत नाही," लघाटे शेवटी म्हणाला. "त्यांच्याकडे आता समुद्रच नाही."

"आणि गावाला? गावाला विचारलं?"

"तसंही काही छापलेलं नाही."

दत्तोपंतांनी पाटावरचा शिक्का चाचपला. घरातून कुणीतरी दिवा उचलून नेल्यासारखं त्यांच्या तोंडावरचं काहीतरी गेलं. वर्षभर हा माणूस एका परक्या बंदराच्या आधारानं उभा होता. ते बंदर आज कुणीतरी सरकवलं. मग ते इतकंच म्हणाले, "बरं," आणि चारुलतानं पेपराची घडी घातली.

लघाटेनं घसा साफ केला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली — आज नको. त्याच्या डोळ्यांत प्रश्न आला : आज नाही तर कधी? शुक्रवारी पेट्या निघणार होत्या. तिनं पुन्हा मान हलवली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती नीट करत बसला.

"त्या नाक्यावरच्या कारकुनाचं काय झालं?" दत्तोपंतांनी एकदम विचारलं.

"कोण…? हां. तो… शेवटची दप्तरं निघाली. त्याला कायमचं जायचं होतं. तो मास्तरणीच्या घरी गेला, पण ते घर त्या दिवशी दुःखात होतं. म्हणून त्यानं विचारलं नाही. पुढचं पुस्तकात नाही."

"पुस्तकात तो कारकूनच नाही," दत्तोपंत म्हणाले.

आत्यांची झोप उडाली.

"चाळीस वर्षं नोकरी केली मी. इतिहासात राजे असतात, तह असतात, तोफा असतात. कारकून नसतो. तू तिसऱ्याच रविवारी त्याला आणलास, तेव्हाच म्हटलं, हा गडी स्वतःच आत शिरलाय." ते पाटाच्या दिशेनं वळले. "आणि देवास! दुसरा खंड सम संख्येचा. सम खंड कुठे गेले ते मला सांगता? तो ठराव माझ्याच हातचा आहे, कचेरी मिटताना लिहिलेला शेवटचा कागद. त्यात अक्कल नव्हती, पण अक्षर उत्तम होतं."

"बाबा…" चारुलता म्हणाली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तो आला नसता. मग वाचलं कोणी असतं?" ते थांबले. आवाज उतरला. "शिंदेशाही, शिंदेशाही म्हणत आलो मी. ते म्हणायला बरं असतं, चारचौघांत शोभतं. तू गेलीस की मला अंधारात एकट्यानं बसावं लागेल, हे म्हणायची लाज वाटायची… लघाटे, काय विचारायचं ते विचार."

लघाटे उभा राहिला. "मी चारुलताबद्दल —"

"मला नव्हे. तिला. गावांना कुणी विचारत नाही, हिला तरी विचार."

तो तिच्याकडे वळला. आत्या, दत्तोपंत आणि पाटावरचा शिक्का यांच्यादेखत त्यानं विचारलं, आणि त्याचा घसा या वेळी बसला नाही.

चारुलताला आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. विचारलं कुणी नव्हतं. तिला वाटलं होतं, उत्तर तयार असेल. ते तयार होतं, पण अर्धंच.

"ग्वाल्हेरला मी येणार नाही," ती म्हणाली. "बाबा जा म्हणाले तरी. मलाच जमणार नाही."

लघाटेचा चेहरा पडला. "म्हणजे… नाही."

"ग्वाल्हेरला नाही म्हटलं. तुम्हाला कुठे म्हटलं?"

"मी इंदूरला बदली मागू?"

"वेडा की काय!" दत्तोपंत कळवळले. त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या आहेत. सीनियॉरिटी जाईल! सगळ्यात शेवटी लागशील. अरे, बाईसाठी लोकांनी राज्यं सोडलेली आहेत. सीनियॉरिटी सोडलेला मी पाहिला नाही."

"बघायला मिळेल," लघाटे म्हणाला. आणि लगेच त्याला कळलं आपण काय शब्द वापरला ते, आणि त्यानं जीभ चावली. दत्तोपंत मात्र हसले. त्या दिवसातलं तेवढंच.

शुक्रवारी पेट्या गेल्या. चारुलता स्टेशनवर गेली नाही, शाळा होती. चौथीच्या मुलींना तिनं त्या तासाला भागाकार घातला आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

अर्ज पहिल्याच आठवड्यात झाला. पण अर्ज ग्वाल्हेरला असे तेव्हा सही करणारे इंदूरला असत, आणि अर्ज इंदूरला पोचे तेव्हा ते ग्वाल्हेरला निघालेले असत. दोन वर्षं तो कागद सरकारच्या मागे फिरला. ग्वाल्हेरच्या शिक्क्याची पत्रं आता उघड येत. "वाच," दत्तोपंत म्हणत. "त्यात काही नाही," ती म्हणे. "चार पानं काही नाही?" मधून लघाटे दोन दिवसांच्या रजेवर येई, बसे, जाई. दर खेपेला केस थोडे विरळ. पंचावन्नच्या दिवाळीत दत्तोपंतांना पणत्या दिसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी पेपर मागणं सोडलं. आत्या गेल्या. शाळेतल्या बाया चारुलताच्या पाठीमागे बोलत आणि तिच्यासमोर गप्प होत. दुसरं अधिक लागे.

छप्पन्नच्या एक नोव्हेंबरला मध्यभारतच संपलं. उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही राजधान्या गेल्या. राजधानी आता भोपाळला, बारमाही. लघाटेचा अर्ज त्याच सुमारास शेरा मारून परत आला : सदर राज्य अस्तित्वात राहत नसल्यामुळे निकाली.

चार दिवसांनी, संध्याकाळी, चारुलतानं दार उघडलं तर तो पायरीवर उभा होता. पत्र्याची ट्रंक, वळकटी, आणि उन्हानं करपलेलं नाक.

"भोपाळला बोलावलं होतं," तो म्हणाला. "नाही गेलो. इथेच, परदेशीपुऱ्यात, कामगारांचं वाचनालय आहे, तिथे जागा मिळाली. कच्ची आहे. पेन्शन नाही. यादीच नाही तिथे, मी एकटाच आहे."

तिला बोलायचं होतं. दोन वर्षं जुळवून ठेवलेली वाक्यं होती, रागाची वेगळी, आनंदाची वेगळी. त्यातलं एकही आलं नाही. तिनं खाली वाकून वळकटी उचलली.

"राहू दे, जड आहे…"

"असू दे," ती म्हणाली.

आतल्या अंधारातून दत्तोपंतांचा आवाज आला. "चारू, कोण आलंय गं?"

तिनं तोंड उघडलं. तीन वर्षं जे आडनाव ती सहज घेत आली होती, चिडून, थट्टेत, आत्यांसमोर, ते ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. काही केल्या बाहेर पडेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मान खाली गेली.

"आलेत," ती म्हणाली.

"कोण आलेत?"

"आलेत म्हटलं ना, बाबा."

मग खाट करकरली, काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि दत्तोपंत उमरीकर भिंतीला हात लावत उभे राहिले.

"मग दारात काय उभं केलंयस?" ते म्हणाले. "आत बोलाव त्यांना."